काटकसर कुणी करायची?

सोलापूरहून तुळजापूरकडे निघालेला रस्ता जिल्ह्याची हद्द ओलांडतो आणि थोड्याच वेळात आमचे तामलवाडी गाव लागते. कोजागरीला तुळजाभवानीच्या दर्शनासाठी पायी निघालेले भाविक याच रस्त्याने जातात, द्राक्षांच्या गाड्या याच रस्त्याने सोलापूरला उतरतात, आणि आम्हां ख्रिस्ती माणसांना रविवारच्या मिस्सेसाठी सोलापूर गाठायचे झाले तर एस. टी.ही याच रस्त्यावर धरावी लागते. एके काळी निजामाची हद्द येथेच सुरू होत असे, हे जुनी माणसे सांगत. आता टोलनाका आहे. रस्त्यावरच्या गावाला जाणाऱ्या-येणाऱ्यांकडे पाहत बसण्याची सवय असते. शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून आम्हीही ओसरीवर बसून तेच करीत आलो आहोत.

जुलै २०२४ मध्ये मात्र रस्त्याकडे पाहण्यास सवड उरली नाही. २८ जून २०२४ रोजी तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी विधिमंडळात अर्थसंकल्प मांडला आणि ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ ही योजना जाहीर केली. अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील स्त्रीला दरमहा १,५०० रुपये मिळणार होते. तलाठ्याकडे दाखल्यांसाठी रांगा लागल्या. काही दिवसांतच अटी सैल झाल्या. पाच एकरांची अट गळाली, वयाची मर्यादा ६५ पर्यंत वाढली, आणि पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असल्यास उत्पन्नाच्या दाखल्याचीही गरज उरली नाही. राहिला तो अर्ज आणि त्याला जोडायचे हमीपत्र. ‘गुरुजींचं अक्षर चांगलं’ या जुन्या लौकिकापायी आमची ओसरी भरून गेली. अंगणवाडीच्या सेविकाताई मोबाइलवर माहिती भरीत आणि आम्ही कागद लिहीत असू.

त्या गर्दीत शेजारच्या आळीतील अक्का होत्या. वय पन्नाशीच्या पुढचे, दीड एकर सोयाबीन, मालक दम्याने बसून असलेले. हमीपत्रातील कलमे आम्ही एकेक करून वाचून दाखवीत होतो. घरात कुणी आयकर भरते का, कुणी सरकारी नोकरीत आहे का, ट्रॅक्टर सोडून चारचाकी वाहन आहे का. येथे अक्का अडखळल्या.

“गुरुजी, पोरानं कर्ज काढून छोटा हत्ती घेतलाय. त्ये लिवायचं का?”

“चूल वेगळी आहे ना त्याची?” आम्ही विचारले.

“व्हय, दिवाळीपासनं येगळी केलीया.”

शिधापत्रिका मात्र एकच होती. आम्ही क्षणभर लेखणी थांबविली. मुलगा लोकांची द्राक्षे आणि भाजी सोलापूरच्या बाजारात नेऊन त्या गाडीचे हप्ते फेडीत होता. चार चाकांची ती श्रीमंती आम्हांस पुरती ठाऊक होती. आम्ही ‘नाही’ असे लिहिले. अक्कांनी खाली सही केली. ‘नाही’ हा शब्द आमचा, सही त्यांची, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

रक्षाबंधनाच्या सुमारास पहिले दोन हप्ते एकदम जमा झाले. अक्कांनी चष्मा केला, किराणा दुकानाची उधारी फेडली आणि आमच्या घरी पेढे आणून दिले. आमच्या सौ.नी पेढा हाती घेत म्हटले, “या बाईने स्वतःसाठी काही घेतलेले मी प्रथमच पाहते आहे.” या योजनेची थट्टा करणाऱ्या शहरी मित्रांना आम्ही हे वाक्य पुढे अनेकदा ऐकविले.

राज्यकर्त्यांच्या लोकप्रियतेचा खेळ आम्ही त्या वर्षी अगदी जवळून पाहिला. ७ मे २०२४ रोजी आमच्या उस्मानाबाद लोकसभा मतदारसंघात मतदान झाले. शिवसेनेच्या ठाकरे गटाचे ओमराजे निंबाळकर सव्वातीन लाखांहून अधिक मतांनी निवडून आले. पराभूत झाल्या सत्ताधारी महायुतीच्या अर्चना पाटील. सोयाबीनच्या पडलेल्या भावाचा आणि आरक्षणाच्या प्रश्नाचा राग त्या मतपेट्यांतून बोलला, असे त्या वेळी सगळेच म्हणत होते. राज्यात ४८ पैकी अवघ्या १७ जागा महायुतीच्या हाती लागल्या. त्यानंतर सहा-साडेसहा महिन्यांनी, २० नोव्हेंबर २०२४ रोजी, विधानसभेचे मतदान झाले आणि आमच्या तुळजापूर मतदारसंघातून अर्चनाताईंचे पती राणाजगजितसिंह पाटील निवडून आले. राज्यात २८८ पैकी २३० जागा महायुतीने जिंकल्या. मधल्या काळात सोयाबीनचा भाव काही सुधारला नव्हता. आकाशपाताळाचा हा पालट एकट्या १,५०० रुपयांनी घडविला असे आम्ही म्हणणार नाही. पण आमच्या ओसरीवर जे घडले ते राज्यातल्या लाखो ओसऱ्यांवर घडले होते, हे विसरूनही चालणार नाही. प्रचारात १,५०० चे २,१०० करण्याचे वचनही देण्यात आले होते.

मग सुगी संपली आणि हिशेबाचे दिवस आले. जानेवारी २०२५ मध्ये एस. टी.चे भाडे सुमारे १५ टक्क्यांनी वाढले. फेब्रुवारीत लाडक्या बहिणींची छाननी सुरू झाली. १० मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात २,१०० चा उल्लेख आला नाही. उलट आधी वर्षाला ४६ हजार कोटी लागतील असे सांगितलेल्या योजनेसाठी ३६ हजार कोटींची तरतूद झाली. मार्चअखेरीस शेतकऱ्यांना सांगण्यात आले की कर्जमाफीची वाट पाहू नका, हप्ते भरा. २०२३ मध्ये सुरू झालेला एक रुपयातील पीकविमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात आमच्या जिल्ह्यावर आभाळ फाटले. परंडा-भूमकडे तर गावेच्या गावे पाण्यात उभी राहिली. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, डाळ, साखर आणि तेल देणारा ‘आनंदाचा शिधा’ २०२५ च्या दिवाळीत आलाच नाही.

सरकारची बाजूही मांडली पाहिजे. त्या अर्थसंकल्पाने राज्यावरील कर्ज सुमारे ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असे सांगितले होते, आणि महसुली तूट ४५ हजार कोटींहून अधिक होती. छाननीत बहिणींच्या यादीत १४ हजारांहून अधिक पुरुषही सापडले. तेव्हा हात आखडता घेणे भाग होते आणि चाळणी लावण्यात गैर काही नव्हते. मिसर देशात योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत धान्य साठविले आणि दुष्काळात ते बाहेर काढले. आपल्याकडे मतदानाच्या वर्षी कोठार उघडते आणि पुढच्या वर्षी त्याला बूड आहे याची आठवण होते, एवढाच काय तो फरक!

एका संध्याकाळी दिवेलागणीला अक्का आल्या. नेहमीसारख्या ओसरीवर न बसता मागच्या दाराने स्वयंपाकघरात आल्या. पैसे बंद झाले होते. गाड्यांची यादी घेऊन घरोघर पडताळणी झाली होती आणि त्या यादीत मुलाचा छोटा हत्ती निघाला होता. यादीत चार चाके मोजलेली होती. त्या चाकांवरचे कर्ज मोजण्यास कुठे रकाना नव्हता. आम्हांला वाटले, आता आम्हांस बोल लागणार. आणि लागला असता तर तो आम्ही निमूटपणे ऐकून घेतला असता. सरकारलाही चार शिव्या ऐकायला मिळतील अशीही आमची अपेक्षा होती. पण अक्का एवढेच म्हणाल्या,

“गुरुजी, कुणाला सांगू नगा. लोक म्हंतील, खोटं लिवून पैसं खाल्लं.”

आम्ही काय उत्तर दिले ते आठवत नाही. काहीतरी धीराचे बोललो असू. सरकारने दिलेले पैसे परत मागितले तर काय, ही भीतीही त्यांच्या पदराला बांधलेली होती. जाताना सौ.नी विचारले, “राग नाही येत का हो, अक्का?” त्यावर त्या म्हणाल्या, “राग कशाचा? दिलं तर हुतं की. आधी कुणी दिलं हुतं?”

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. आम्ही लिहिलेल्या एका शब्दाने ही बाई स्वतःच्या गावात चोरासारखी मागच्या दाराने फिरू लागली होती. सरकारची लोकप्रियता या कपातीने किती घटली हे ठाऊक नाही. आमची मात्र आमच्याच नजरेत पुरती घटली.

सरकारने पोटाला चिमटा काढला की लोक मतपेटीतून त्याचा सूड घेतात, असे आम्ही आजवर समजत आलो. वर्गात नागरिकशास्त्र शिकविताना तसे सांगितलेही असेल. पुरावे हाताशी होतेच. २४ जुलै १९९१ रोजी मनमोहन सिंग यांनी मांडलेला अर्थसंकल्प आम्हांस आठवतो. तिजोरीत परकीय चलन उरले नव्हते, सोने गहाण पडले होते. खतांच्या किमती ४० टक्क्यांनी वाढविण्याचा प्रस्ताव आला. ओरड झाल्यावर वाढ ३० टक्क्यांवर आली आणि लहान शेतकऱ्यांना त्यातून वगळण्यात आले. शिधावाटपाच्या दुकानातील साखर किलोमागे ८५ पैशांनी महागली. पुढल्याच वर्षी, ऑगस्ट १९९२ मध्ये, स्फुरद व पालाश खतांवरचे नियंत्रण उठले आणि त्यांचे भाव कडाडले. मार्च १९९५ मध्ये महाराष्ट्रात काँग्रेस ८० जागांवर आली आणि शिवसेना-भाजप युतीचे सरकार मुंबईत बसले. १९९६ मध्ये दिल्लीतही काँग्रेसची सत्ता गेली. दंगली, बाँबस्फोट, बंडखोरी अशी इतर कारणे त्यात होतीच. तरीही बांधावरच्या माणसाच्या बोलण्यात खताचे पोते पहिले येई. तिकडे ग्रीसमध्ये तर याहून कठोर निकाल लागला. २००९ मध्ये जवळपास ४४ टक्के मते मिळविणारा समाजवादी पक्ष काटकसरीचा फास आवळल्यानंतर मे २०१२ मध्ये १३ टक्क्यांवर घसरला.

पण याच्या उलट घडलेलेही आहे. लॅटव्हियात वाल्दिस दोम्ब्रोव्स्किस यांच्या सरकारने वेतने कापली, खर्च छाटले, आणि २०१० मध्ये लोकांनी त्यांनाच पुन्हा निवडून दिले. आल्बेर्तो आलेसिना या इटालियन अर्थशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह अनेक देशांचे हिशेब तपासले आणि तूट कापणारी सरकारे हटकून पडतात याला पुरावा सापडत नाही असे दाखविले. मग पडते कोण आणि तरते कोण?

आमच्याच देशातले एक उदाहरण आम्हांस या संदर्भात फार मोलाचे वाटते. १९६५ मध्ये धान्याची टंचाई आणि युद्ध एकाच वेळी उभे असताना लालबहादूर शास्त्रींनी देशाला सोमवारी एक वेळचे जेवण सोडण्यास सांगितले. सांगण्यापूर्वी त्यांनी ते स्वतःच्या घरात करून पाहिले होते. आमच्या वडिलांनी तो सोमवार पाळला. आम्हां ख्रिस्ती घरात शुक्रवारचा उपवास होताच; त्यात सोमवारची भर पडली, पण कुरकुर झाली नाही. त्या उपवासाने शास्त्रींची लोकप्रियता घटली नाही, वाढली. उपाशी राहायला सांगणारा माणूस पहिल्या पंगतीला बसलेला नाही, एवढी खात्री लोकांना पुरली.

दुसरे उदाहरण १९७२ च्या दुष्काळाचे. आम्ही तेव्हा दहा वर्षांचे होतो. आई खडी फोडायला जाई आणि आम्ही तिच्यामागे पाण्याची कळशी घेऊन. सुकडीची चव आणि लाल मिलोच्या भाकरीचा रंग आजही विसरलेलो नाही. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे अशा कामांवर होती. सरकारपाशी तेव्हा पैसा मुबलक होता असे मुळीच नाही. परंतु त्यातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी आकाराला आली, आणि तिच्यासाठी १९७५ पासून शहरातल्या नोकरदारांवर व व्यापाऱ्यांवर व्यवसाय कर बसला. काटकसर करायला सांगितली ती ज्याच्या ताटात दोन घास अधिक होते त्याला. आमच्या आईने त्या वर्षाला नावे ठेवली, उन्हाला ठेवली, मुकादमाला तर भरपूर ठेवली. पण ‘आम्हांला टाकून दिले’ असे ती कधी म्हणाली नाही. शिवाय खडी फोडणाऱ्या साऱ्या बाया एका ओळीत बसत. मजुरी उशिरा आली तर सगळ्यांची येई, आणि मग मुकादमाला सगळ्याच घेरीत.

अक्कांचे स्वयंपाकघरातले बोलणे आठवताना या ओळीची आठवण झाली आणि आमच्या मनातला गुंता थोडा सुटला. साखर महागते तेव्हा ती सगळ्यांची महागते. पारावर, पाणवठ्यावर, बाजारात प्रत्येक जण मोठ्याने बोलतो. लाज वाटण्याजोगे त्यात काही नसते. १९९८ मध्ये कांद्याने दिल्लीतले सरकार घालविले ते असेच. पण छाननीची कात्री निराळी. ती एकेकीवर चालते. हिच्या घरी गाडी निघाली, तिच्या नावावर दुसरी योजना निघाली, तिसरीचे बँक खाते जुळले नाही. शेतकरी सन्मानाचे पैसे घेणाऱ्या बाईला १,५०० ऐवजी ५०० मिळू लागले. जुलै २०२५ मध्ये राज्यात २६ लाखांवर बहिणींचे पैसे पडताळणीसाठी थांबविल्याचे सरकारनेच सांगितले. २६ लाख हा केवढा मोठा समुदाय! पण तो समुदाय झालाच नाही. कारण त्यातल्या प्रत्येकीला वाटत होते की चूक आपल्या एकटीच्या कागदात आहे. कपात सर्वांवर एकदम झाली तर सरकार पडते. एकेकीवर झाली तर ती बाई एकटी पडते. डिसेंबर २०२५ मध्ये नगरपालिकांचे निकाल लागले आणि महायुतीने निम्म्याहून बऱ्याच अधिक नगराध्यक्षपदे जिंकली, तेव्हा आम्हांस त्याचे आश्चर्य वाटले नाही ते याचमुळे.

पवित्र शास्त्रात राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायात रहबामाची कथा आहे. शलमोनाने मंदिर बांधले, राजवाडे बांधले, आणि त्यासाठी प्रजेकडून वेठ व कर घेतला. तो मरण पावल्यावर सारे इस्राएल शखेम येथे जमले आणि यराबामाला पुढे करून नव्या राजाला म्हणाले, तुझ्या पित्याने लादलेले जू हलके कर, आम्ही तुझी सेवा करू. रहबामाने तीन दिवस मागितले. वृद्ध सल्लागारांनी त्याला प्रजेचा सेवक होण्यास सांगितले. त्याच्याबरोबर वाढलेल्या, त्याच्याच पंगतीला जेवणाऱ्या तरुणांनी जू आणखी जड करण्यास सांगितले. त्याने तरुणांचे ऐकले आणि दहा वंश गमावून बसला. प्रवचनांतून या कथेचे तात्पर्य नेहमी राजाच्या अहंकारावर नेऊन ठेवतात, आणि ते बरोबरच आहे. पण आम्ही या वर्षी ती पुन्हा वाचली तेव्हा आमची दृष्टी ‘सारे जमले’ या गोष्टीवर खिळली. शखेमची ती सभा भरली नसती, प्रत्येक इस्राएली मनुष्य आपापल्या झोपडीत ‘माझ्याच कागदात काही चुकले असेल’ असे म्हणत बसला असता, तर रहबामाचे राज्य खुशाल चालले असते.

येथे आमच्याविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. आम्हांला जुने निवृत्तिवेतन मिळते आणि त्यावरचा महागाईभत्ता वेळोवेळी वाढतो. तिजोरीला ओढ लागली म्हणून आमच्या घरी कुणी यादी घेऊन आले नाही. वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, आम्ही हयातीचा दाखला देतो. म्हणजे आम्ही जिवंत आहोत का, एवढेच सरकार आम्हांस विचारते. अक्कांना मात्र तू खरोखर गरीब आहेस का, याचे उत्तर वारंवार द्यावे लागते. आमच्या धाकट्या सहकाऱ्यांनी जुन्या पेन्शनसाठी मार्च २०२३ मध्ये सात दिवस संप केला तेव्हा राज्य ठप्प झाले आणि सरकारला वाटाघाटीस बसावे लागले. आम्हीही त्या वेळी सोलापूरला मोर्चात चाललो होतो. काटकसर आमच्याही दारापाशी आली होती, पण आम्ही संघटित होतो म्हणून ती उंबऱ्यावरून परतली आणि मग जेथे कुणी मोठ्याने बोलणारे नव्हते अशा घरांत शिरली. हे लिहिताना आम्हांस बरे वाटत नाही. पण ते खरे आहे.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १ मे १९९१ रोजी, भारताचा तो प्रसिद्ध अर्थसंकल्प येण्याच्या काहीच आठवडे आधी, ‘सेंतेसिमुस आन्नुस’ हे परिपत्रक काढले. बाजाराचे सामर्थ्य मान्य करूनही, माणसाच्या काही गरजा बाजारात भागत नाहीत आणि त्या भागविणे हे न्यायाचे काम आहे, असा त्याचा आशय आहे. उपकार आणि न्याय यांतला हा भेद अक्कांच्या बोलण्याशी ताडून पाहावा. ‘दिलं तर हुतं की’ हे उपकृत माणसाचे बोलणे आहे. भेट म्हणून मिळालेली वस्तू परत गेली तर माणूस भांडत नाही. हक्काची गोष्ट गेली तरच भांडतो. योजनेला बहिणीचे नाव देणाऱ्यांनी ही भेटीचीच भाषा निवडली होती, आणि आम्हीही ओसरीवर बसून तीच बोललो. रोजगार हमीच्या कायद्यात ‘हमी’ हा शब्द होता. येथे हमीपत्र होते, पण ते लिहून दिले होते बाईने, सरकारने नव्हे.

सप्टेंबर २०२५ पासून योजनेसाठी मोबाइलवरून ई-केवायसी करणे सक्तीचे झाले. त्यात स्वतःचा आधार क्रमांक दिल्यावर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक द्यावा लागे आणि त्यांच्या मोबाइलवर आलेला सांकेतिक अंक भरावा लागे. आता ज्या बाईचा पती वारला आणि वडीलही वारले, तिने काय करावे? आमच्या आळीतल्या एका विधवेचा नवरा आधार कार्ड निघण्यापूर्वीच गेला होता. ती मोबाइल हाती घेऊन आमच्याकडे आली आणि हळूच म्हणाली, “आमचंच नशीब असलं.” आम्ही सेविकाताईंना बोलावले. त्या म्हणाल्या, अशा दहा-बारा जणी तरी आहेत. प्रत्येक जण एकेकटी येऊन हेच सांगून जाते.

या वेळी आम्ही कुणाचा अर्ज लिहिला नाही. सेविकाताईंनी आणि सौ.नी घरोघर निरोप दिला आणि एका दुपारी सगळ्यांना आमच्या ओसरीवर बोलावले. पहिला अर्धा तास कुणी बोलेना. प्रत्येकीला दुसरीचे दुखणे ठाऊक नव्हते आणि आपले उघड करायचे नव्हते. मग एकीने सांगितले, दुसरीने सांगितले, आणि थोड्या वेळाने तर कुणाचे कुणाला ऐकू येईना. आम्ही एकच अर्ज लिहिला आणि खाली सगळ्यांची नावे घातली. तो वर पोहोचला की नाही, कुणी वाचला की नाही, ठाऊक नाही. राज्यभरातून ओरड झाली होती. नोव्हेंबरात मुदत वाढली आणि विधवा व परित्यक्ता स्त्रियांसाठी वेगळी सोय करण्यात आली. ती आमच्या अर्जामुळे झाली असे म्हणण्याचा आचरटपणा आम्ही करणार नाही. पण ओरड झाली म्हणून झाली, हे मात्र निश्चित.

त्या दुपारी अक्काही आल्या होत्या. त्यांचे मालक हयात, तेव्हा त्या अर्जाशी त्यांचा संबंध नव्हता. त्या कडेला खांबापाशी बसून होत्या. सह्या-अंगठे होत आले तेव्हा त्या एकाएकी सगळ्यांदेखत म्हणाल्या, “माझं तर कवाच बंद झालंया. पोराच्या गाडीपायी.” क्षणभर शांतता झाली. मग पलीकडच्या आळीतली एक बाई म्हणाली, “माझं बी.” आणखी दोघी म्हणाल्या. त्यांच्याही घरी हप्त्यावरची एकेक गाडी होती. कुणीही कुणाला खोटारडे म्हटले नाही.

तेव्हा आमच्याने राहवले नाही. आम्ही सर्वांसमोर सांगितले की अक्कांच्या हमीपत्रातला तो ‘नाही’ आम्ही लिहिला होता. त्यांनी विचारले होते, आम्हीच आडवाट दाखविली. आपल्या धर्ममातेने आम्हांस पापनिवेदनाची शिकवण दिली आहे. पण जाळीमागे बसलेल्या फादरांच्या कानात सांगणे आणि भरल्या ओसरीवर सांगणे यांत किती अंतर आहे ते त्या दिवशी कळले. अक्का म्हणाल्या, “जाऊं द्या गुरुजी, तुमी भल्यासाठीच लिवलं.” त्यांनी क्षमा केली. पण आता निदान त्या समोरच्या दाराने येऊ लागल्या आहेत.

आपण दरवर्षी राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून उपवासकाळात प्रवेश करतो. त्या उपवासाचा नियम साधा आहे. तो स्वतःपासून सुरू करायचा असतो, आणि आपल्या ताटातून जे वाचेल ते भुकेल्याच्या ताटात पडले पाहिजे. काटकसर करू पाहणाऱ्या कोणत्याही पक्षाच्या सरकारला आम्हांस याहून वेगळे काही सांगायचे नाही. लोक त्याग करायला भीत नाहीत. सोमवार पाळणारा हा देश आहे. ते विचारतात इतकेच की सुरुवात कुणापासून? आणि हे विचारण्याचे बळ त्यांना एकेकटे असताना येत नाही. ते यावे म्हणून कुणीतरी आपली ओसरी मोकळी करून द्यावी लागते. आमच्यासारख्या सुरक्षित माणसाच्या हातून येत्या उपवासकाळात दुसरे काही घडले नाही, तरी एवढे घडावे अशी आमची इच्छा आहे.